दुसऱ्यांदा घेतलेलं गाणं

"तुम्ही मेलेल्या माणसाच्या तोंडातून त्याच्या बायकोचं नाव काढून घेतलंय, साहेब. चोरी म्हणतात याला. दुसरा शब्द न्हाई."

हौशीराम मदने एवढं बोलला आणि हातातली सीडी त्यानं काउंटरवर अशी आपटली, की तिचं प्लास्टिकचं कव्हर तडकलं. फोनची वायर ताणत तो दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. समोर केडगाव स्टेशनाजवळचं रेल्वेचं फाटक पडलेलं होतं आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी गाडी यायची वाट बघत तंबाखू मळायला घेतली होती.

फोनवरचा मुंबईच्या कंपनीचा साहेब शांत होता. असे साहेब कायम शांत असतात. त्यांचं काही गेलेलं नसतं.

"मदनेजी, आम्ही फक्त क्लीन केलंय. खरखर काढली, मागचे आवाज काढले. एका ठिकाणी गायक ओळ विसरलाय, तेवढं कापून दोन्ही टोकं जुळवली. तुम्हीच सांगा, सांधा कळतो का?"

"कळत न्हाई. म्हणून तर डोकं फिरलंय."

"मग? चूकच होती ना ती? विसरलाच होता ना तो?"

गाडी आली, धडधडत गेली. ती गेल्यावर हौशीरामनं वेगळंच विचारलं.

"आमची मूळ टेप परत द्या. ती मोठी चकती."

"अहो, कॉम्प्युटरवर घेतल्यावर जुन्या टेपा आम्ही ठेवत नाही. बुरशी असते, बाकीच्या मालाला लागते."

"मग कॉम्प्युटरवरचं द्या. कापायच्या आधीचं."

"फायनल तेवढं ठेवतो आम्ही."

हौशीरामनं फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची बायको भागुबाई शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती. कॅसेटी खपेनाशा झाल्यापासून दुकानाचा अर्धा भाग तिचा होता, आणि खरं तर चालायचा तोच अर्धा. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"एवढं भांडलात आन् एक शिवी दिली न्हाई. म्हंजी लईच लागलंय."

"गेणबा मामाची टेप फेकून दिली त्येंनी."

भागुबाईनं फॉल गुंडाळून ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

गेणबा म्हणजे कासुर्डीचा गेणबा ठोंबरे. धनगरी ओव्या गाणारा. उभा राहिला की पहाटेपर्यंत उभा राहणारा, माईक पुढं धरला तर त्याला बाजूला सारून गाणारा. आज त्याच्या नावानं भाषणं होतात. लोककला जगली पाहिजे म्हणून टाळ्या घेणारे जे कुणी आहेत, त्यांच्यातला एकही त्या काळी केडगावला उतरला नव्हता. पुण्यात रेडिओसाठी आवाजाच्या परीक्षा घेणाऱ्यांनी गेणबाला ऐकून सांगितलं होतं, उच्चार शुद्ध नाहीत. शुद्ध! ज्याच्या भाषेत ते गाणं जन्मलं, त्याचेच उच्चार अशुद्ध. त्या दिवशी गेणबाला एसटीनं परत आणायला हौशीरामच गेला होता. यवत मागं पडलं. मग गेणबा म्हणाला, "हौशा, त्येंचा पंखा लई कुरकुरत व्हता. म्या त्येंना सांगितलं, आधी त्येला पास करा." आणि इतका हसला की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

हौशीरामचे बाप-आजे मेंढरं वळायचे. तो शाळेत रमला नाही, मेंढरांतही रमला नाही. दौंडात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वायरी जोडता जोडता त्याला आवाजाचं वेड लागलं. बंद पडलेल्या एका स्टुडिओतलं मोठ्या चकत्यांचं टेपमशीन त्यानं बैलगाडीतून घरी आणलं, आणि घरामागच्या कांद्याच्या खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून पुण्यात म्हणे भिंतींना कसले कसले पत्रे लावतात. यानं चारी भिंतींना घोंगड्या ठोकल्या. पाव्हण्यारावळ्यांकडनं जुन्यापान्या मागून आणलेल्या. पावसाळ्यात खोलीला मेंढरांचा वास सुटायचा. फाटकाची घंटा वाजली की रेकॉर्डिंग थांबायचं, गाडी गेली की पुन्हा सुरू. सलग सापडेल तेवढ्या शांततेत गाणं बसवायचं, हा त्याचा धंदा.

त्यानं कंपनीचं नाव ठेवलं 'कोकरू कॅसेट'. कव्हरवर कोकराचं चित्र. दौंडच्या छापखान्यात ते कोकरू कधी कुत्र्यासारखं छापून यायचं, कधी सशासारखं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जीपच्या टपावर भोंगा बांधून तो उभा राहायचा आणि बाया भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन ऐकत थांबायच्या. शिरूरच्या बाजूची भजनी मंडळं, लग्नातली गाणी, एका किराणावाल्याच्या नकला, काय काय काढलं त्यानं. पण तो निर्माता म्हणून ओळखला गेला तो गेणबाच्या एका कॅसेटमुळं. आणि त्या कॅसेटमधल्या एका जागेमुळं.

ते रेकॉर्डिंग चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात झालं. गेणबा आला, मागनं सुरात साथ देत झील धरणारे दोघं आले, आणि बरोबर साळूबाई आली. गेणबाची बायको. नवरा दुसऱ्याच्या घरची भाकरी खात नाही म्हणून भाकरी घेऊन आलेली. तिला खोलीत ये म्हटलं तर आली नाही. दाराबाहेर पायरीवर बसून सुपात लसूण सोलत राहिली.

गेणबानं आत येऊन घोंगड्यांवरून हात फिरवला.

"आरं, ह्ये तर मेंढीच्या पोटात शिरल्यागत वाटतंय."

गाणं होतं हरवलेल्या कोकराचं. वाडा, म्हणजे धनगरांचा मेंढरांसकटचा तळ, नदीपार होतो, कोकरू मागं राहतं आणि त्याची माय फिरून काठावर येते. खोलीचं दार लावलं, हौशीरामनं बोट वर केलं आणि गेणबानं सुरुवात केली. पहिल्याच वेळी गाणं बिनचूक उतरलं. मधे घंटाही वाजली नाही. असं कधी होत नसे. हौशीरामनं मशीन थांबवलं आणि अत्यानंदानं टोपी काढून गेणबाच्या डोक्यावर, त्याच्या पटक्यावरच ठेवली.

गेणबानं घाम पुसला.

"हौशा, आणखी एकदा घे."

"आता काय राहिलं मामा? एक नंबर झालंय."

"घे म्हणतोय न्हवं. आन् त्ये दार उघडं ऱ्हाऊ दे. जीव घुसमाटतोय."

दार उघडं ठेवलं तर लसणाच्या पाखडीचाही आवाज आत येणार. पण गेणबा मामापुढं बोलायचं कुणी? हौशीरामनं दार उघडलं. चौकटीत साळूबाईची पाठ दिसत होती.

दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं. माय काठावर आली. गेणबा गायला,

भिवरेच्या काठाला गं, वाडा पल्याड गेला
कोकरू एकलं गं, बसलंय अल्याडाला...

आणि पुढं गेलाच नाही. झीलकरी वाट बघत राहिले. गेणबानं मान दाराकडं वळवली आणि म्हणाला,

"साळू, म्होरं काय गं?"

पायरीवरचं सूप खाली पडलं. साळूबाईच्या तोंडून सवयीनं ओळ निघून गेली, न वळता, भरभर: "हाक मारल्याबिगर त्ये यायचं कसं."

"व्हय, व्हय," गेणबा म्हणाला, आणि ती ओळ उचलून असा गायला की झीलकऱ्यांना सूर सापडेना.

त्या पिढीत, त्या माणसांत, नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. अगं, ए, ऐकलं का, पोरगं झालं की त्या पोराची आई. बस. नाव सासरी आल्या दिवशी दारात काढून ठेवायचं, चपलेसारखं. सासू-नणंदांनी वापरलं तर वापरलं, नवऱ्यानं नाही. साळूबाईचं नाव तिच्या नवऱ्यानं साऱ्या जन्मात घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिनंही नाही.

हौशीरामचा हात मशीन थांबवायला वर गेला होता. तो तसाच हवेत राहिला. मशीन चालू राहिलं.

संध्याकाळी त्याच्याकडं दोन गाणी होती. एक बिनचूक आणि एक अडखळलेलं. शाळेत न रमलेल्या या माणसानं अडखळलेलं निवडलं, तेच कॅसेटवर घातलं, आणि बिनचूक गाण्याच्या टेपवर पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी लग्नाची गाणी भरली. निर्माता म्हणजे पैसा घालणारा नव्हे. कुठली चूक ठेवायची हे ज्याला कळतं, तो निर्माता. हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं आणि पुढं कुणी त्याला विचारलंही नाही.

कॅसेट निघाली आणि कासुर्डीच्या जत्रेत भोंग्यावर लागली. साळूबाईचं रस्त्यानं चालणं अवघड झालं. सोलापूर रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले तिला बघून ओरडायचे, "साळू, म्होरं काय गं?" पाणवठ्यावरच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एक दिवस ती तणतणत केडगावात आली.

"हौशा, मुडद्या, माझी अब्रू भोंग्याला टांगलीस व्हय रं? काढ त्ये."

"काढतो, मामी."

"कवा काढतोस?"

"फुडच्या मालात काढतो."

पुढच्या मालात त्यानं ते काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साळूबाई दर जत्रेला त्याला शिव्या द्यायची आणि तो दर जत्रेला "काढतो" म्हणायचा. गेणबा शेजारी पान लावत बसलेला असायचा. कुणी त्याला छेडलंच, तर म्हणायचा, "वय झालं. इसरतंय मानूस." आणि रात्री उभा राहून सूर्य उगवेपर्यंत गायचा.

नव्याण्णव साली गेणबा गेला. त्यानंतर साळूबाईनं शिव्याही दिल्या नाहीत आणि काढ असंही म्हटलं नाही. कॅसेटी मागं पडल्या. लोकांनी घरातल्या कॅसेटींवर सिनेमाची गाणी भरून घेतली. मग मुंबईची कंपनी आली. मामाचा आवाज सीडीवर टिकेल, एवढ्या एका लोभानं हौशीरामनं मोठी टेप काढून दिली, आणि नमुना मागितला म्हणून दुकानातली शेवटची कॅसेटही. टिकवतो म्हणणाऱ्याच्या हाती दिलं, हाच त्याचा गुन्हा.

चहा पिऊन होतोय तोच दुकानासमोर चौफुल्याकडनं आलेली जीप थांबली. मागच्या बाजूनं, दोघांच्या मांड्या ओलांडत आणि ड्रायव्हरला दम देत एक म्हातारी उतरली.

"मामी!" हौशीराम उठला.

साळूबाई वाळली होती, पण आवाज तसाच होता. "बस, बस. पुढारी आल्यागत उठू नगंस." ती भागुबाईशेजारी सतरंजीवर टेकली. पाणी प्याली. साडीचा फॉल उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "आमच्या शंभूनं शीडी आणली."

हौशीराम काउंटरवरच्या तडकलेल्या कव्हराकडं बघत राहिला.

"ऐकली?"

"ऐकली. चांगली हाय. लई सवच्छ." तिनं कनवटीची चंची सोडली. "आज्याचं गाणं म्हणून पोरगं दिवसभर लावतंय. मला वाटलं, मधी माझा डोळा लागला आसल. म्हणून पुन्यांदा लावाय लावली."

चंचीतून सुपारीच्या खांडांबरोबर तिनं एक कॅसेट काढली. कोकराचं चित्र पार पुसलेलं. कॅसेटच्या पोटातून टेपचा गुंता बाहेर आलेला, एका ठिकाणी तुटलेला.

"आन् ही तुटली. बग काय व्हतंय का. न्हाई झालं तर ऱ्हाऊ दे."

हौशीरामनं कॅसेट हातात घेतली. लहान स्क्रू काढले, झाकण उघडलं, गुंता पेन्सिलीवर हळूहळू सोडवला. त्याच्या लक्षात आलं आणि त्याची बोटं थांबली. टेपचा सुरुवातीचा भाग नव्यासारखा होता. शेवटचाही. फक्त मधला हातभर पट्टा घासून घासून चकचकीत झाला होता. माणूस पुढं ऐकत जातो तेव्हा टेप सगळी सारखी झिजते. एकच जागा झिजते ती मागं, मागं, मागं नेऊन. गेणबाला जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्यानं वर बघितलं नाही. साळूबाई रस्त्याकडं तोंड करून सुपारी कातरत होती.

"मामी, काढायचं म्हणत व्हतीस न्हवं ती जागा?"

"तू ऐकलंस का कवा माझं?"

भागुबाई तोंड फिरवून हसली. मग एकदम म्हणाली, "मामींचं नाव मामांनी एकदा तरी घेतलं. आमचं नाव ह्यांना ठावं तरी हाय का, इचारा."

"ठावं हाय," हौशीराम मान खाली घालून म्हणाला.

"रेशनकार्डावर वाचलं आसल."

तुटलं होतं ते नेमकं त्याच जागी. टेपची दोन्ही टोकं चुरगळली होती. एरवी तो चुरगळलेलं ब्लेडनं तिरपं कापून टाकायचा आणि स्वच्छ टोकं जोडायचा. गाण्यातला एखादा श्वास जायचा, कुणाला कळायचं नाही. पण इथं दोन बोटं लांबीची टेप म्हणजे एक अख्खं नाव होतं. कापलं तर मुंबईच्या साहेबात आणि त्याच्यात फरक काय राहणार?

त्यानं ब्लेड बाजूला ठेवलं. टेप काउंटरच्या काचेवर पसरली आणि अंगठ्याच्या नखाच्या पाठीनं एकेक सुरकुती दाबत गेला. फाटकाची घंटा वाजली. त्यानं हात उचलले. दुकान हादरलं, कपबशा वाजल्या, मालगाडीचे डबे सरता सरेनात. तिघंही तशीच बसून राहिली, जणू आत मागच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू आहे. गाडी गेली. त्यानं दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली, काही न कापता, आणि मागून चिकटपट्टीचा केसासारखा तुकडा लावला. भागुबाईनं न सांगता पंखा बंद केला.

झाकण बसलं. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट गेली.

खरखर आली. मग झीलकऱ्यांचा सूर, मग गेणबाचा आवाज, कोकरू एकलं गं बसलंय अल्याडाला. आणि शांतता. आवाज गटांगळी खाल्ल्यासारखा खाली गेला. हौशीरामचं बोट बटणावर होतं. टेपरेकॉर्डर क्षणभर अडला, आणि मग पाण्याखालून वर यावं तसं, फाटकं, लांबलेलं, पण अख्खं:

"साळू, म्होरं काय गं?"

सूप पडल्याचा आवाज. तरुण नसली तरी दहा वर्षांनी धाकटी असलेली एक बाई भरभर बोलली. "व्हय, व्हय." आणि मग ते गाणं.

साळूबाईनं अडकित्ता मिटला. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. संपल्यावर तिनं कॅसेट मागून घेतली, पदरानं पुसली, चंचीत ठेवली आणि दोरी आवळली. भागुबाईनं तिच्यापुढं चहा ठेवला. तो तिनं घेतला नाही.

"हौशा."

"काय मामी?"

"ह्ये गाणं ह्येंनी माझ्या लग्नाआधीपासनं म्हटलं. तापात म्हटलं. मेंढरं राखताना, पेंगत पेंगत म्हटलं. कवा एक सबूद चुकला न्हाई." ती आता सरळ त्याच्याकडं बघत होती. "मी पाठ करून बसले न्हवते तिथं. ऐकून ऐकून मला येत व्हतं. त्येंचंच गाणं."

हौशीरामनं घरामागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. घोंगड्या केव्हाच काढल्या होत्या. दार उघडंच होतं.

"तू आत व्हतास. मी भाईर व्हते, माझी पाठ व्हती." तिनं चंचीवर हात ठेवला. "आता त्येंना तर इचारता येत न्हाई. तू सांग. ह्ये खरंच इसरले व्हते का रं?"

भागुबाई चहाची किटली हातात घेऊन थांबली.

"गप का बसलास? इतकी वर्सं काढतो काढतो म्हणून खोटं बोललास, त्ये चाललं. आज खरं सांग. इसरले व्हते का न्हाई?"